थाप आधी, आवाज मागून

दुकानदाराने पहिल्या वेळी फाइलची सुरुवात दाखवली, दुसऱ्या वेळी शेवट दाखवला. मधलं त्याने स्वतःही पाहिलं नसावं. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

आर्वी तालुक्यातल्या एका गावचं भजन मंडळ. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आमच्या वर्धा-अमरावती पट्ट्यात गावोगाव चालतात, स्पर्धा होतात, हे काही नव्याने सांगायला नको. 1990 नंतरच्या दशकात अशाच एका स्पर्धेचं शूटिंग कुणीतरी व्हीएचएसवर केलं होतं. मंडळाचे मुख्य खंजिरीवाले पुढे वारले. त्यांच्या मुलाने ती कॅसेट शहरातल्या एका दुकानात दिली आणि पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. दुकानात पहिली दोन मिनिटं बघितली, झकास. घरी शेजारीपाजारी गोळा करून टीव्ही लावला, तर अर्ध्या तासानंतर बापाचा हात कातड्यावर पडतोय आणि आवाज मागून येतोय. शेवटाकडे तर चार सेकंदांचं अंतर. भजन संपून खंजिरी मांडीवर ठेवली तरी वाजतेच आहे.

पोरगा परत गेला. “जुनी कॅसेट आहे न भाऊ, असंच येते,” असं ऐकवून दुकानदाराने काहीतरी केलं आणि शेवटचं भजन चालवून दाखवलं. बरोबर होतं. घरी येऊन बघतो तर आता मधलंच बिघडलेलं.

मग तो माझ्याकडे आला. माझा स्टुडिओ लहान, काम मुख्यतः लग्नांचं. पण व्हीसीआर मी अजून विकलेला नाही. म्हटलं, मूळ कॅसेट आण, नव्याने उतरवू.

“कॅसेट तर वावरात आहे काका.”

मला वाटलं, वावरातल्या खोलीत ठेवली असेल. तसं नव्हतं. त्यातली फीत काढून ज्वारीवर ताणली होती, पाखरं हाकायला. ज्वारी आमच्याकडे आता कमीच पेरतात, त्यामुळे जिथे असेल तिथे पाखरं तुटून पडतात. फीत उन्हात चमकते, वाऱ्यावर भणभणते, पाखरं बिचकतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर फीत निघते, धुरे धरून दोन-तीन फेऱ्या सहज. पेनड्राइव्हवर आलं म्हणजे कॅसेटचं काम संपलं, असा घरच्यांचा हिशोब. त्यांचं तरी काय चुकलं? दुकानातून ‘झालं’ म्हणून सांगितलं होतं.

आता दोष कुठे होता ते सांगतो, कारण हे शूटिंगवालेही धड समजून घेत नाहीत. व्हीएचएसमध्ये चित्र आणि साधा आवाज एकाच फितीवर असले तरी जागा वेगळ्या. चित्र फिरत्या हेडने तिरप्या रेघांत लिहिलं जातं, आवाज फितीच्या कडेने सरळ धावतो. फीत चुरगळली की चित्र फाटतं, पण आवाज बऱ्याचदा चालू राहतो. संगणकाला जोडायचं स्वस्त यंत्र अशा फाटलेल्या जागी चित्रं सोडून देतं, आवाज मात्र पूर्ण घेतं. आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला 25 चित्रांची, म्हणजे एक चित्र 40 मिलिसेकंदांचं. शंभर चित्रं गळाली की चार सेकंद गेले. ती गळतात कुठे तर जिथे फीत खराब तिथेच, झटक्याझटक्याने. दुकानदाराने दुसऱ्या खेपेला काय केलं, तर सगळा आवाज सरसकट आखडून चित्राच्या लांबीत बसवला. त्यामुळे दोन्ही टोकं जुळली आणि मधलं सगळं वाकडं झालं.

नशीब, पहिली फाइल पोराने पुसली नव्हती. त्या फाइलवर मी बसलो. आवाजाची आडवी रेघ मोठी करून बघितली की खंजिरीची थाप काट्यासारखी उभी दिसते. गाण्याच्या ओठांवरून जुळवायला गेलात तर डोळे फसतात. थाप फसवत नाही. पंजा कातड्याला टेकला ते चित्र शोधायचं, काटा शोधायचा, दोन्हींतलं अंतर मोजायचं, पुढे सरकायचं. बराच वेळ अंतर तेवढंच राहतं आणि एका जागी एकदम वाढतं. तिथे चित्र गळालेलं. त्या जागी मी आवाज कापला नाही. आवाज कापला तर ताल तुटतो. शेवटचं चांगलं चित्र तेवढा वेळ थांबवून ठेवलं. भजनात आवाजच खरा, चित्राने थांबावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी लग्नाच्या मिरवणुका जुळवाव्यात.

हल्लीचं दुखणं वेगळं. मोबाइल अंधारात सेकंदाला कमी चित्रं घेतो, उजेडात जास्त. हळदीचं असं शूटिंग थेट एडिटिंगला घेतलं की आवाज घसरत जातो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, मग हात लावा. आवाज 48 किलोहर्ट्‌झवरच ठेवा. आणि फाइल गिऱ्हाइकाला देताना सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडे बघा. पाच मिनिटं लागतात.

असं म्हणतो खरा, पण लग्नसराईत त्या दुकानात रांग काय असते तेही मी जाणतो. कॅसेटमागे जे पैसे मिळतात त्यात तीन तास समोर बसून बघणं कोणालाच परवडणार नाही. मीही बसलो नसतो. तरी ‘असंच येते’ म्हणायची गरज नव्हती.

1998 सालच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत, आवाज किती मागेपुढे झाला की माणसाला कळतं, याचे आकडे आहेत. आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतो, मागून आला तर 125पर्यंत कळत नाही. मला ते पटतं. नदीच्या पलीकडच्या काठावर धुणं आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. उलटं कधी घडत नाही, म्हणून मागून येणारा आवाज कान चालवून घेतो. पण मी हट्टाने एकेका चित्राचा फरक काढला.

मंडळाने सगळं सभागृहात लावलं. मी डोळे लावून थापा मोजत बसलो होतो. बाकी कोणी हातांकडे बघत नव्हतं. म्हातारे मागे कोण बसलंय ते ओळखत होते, टाळकरी कोणता, सतरंजी कोणाच्या घरची. खंजिरीवाल्यांच्या बायको म्हणाल्या, मागच्या वेळचंही चांगलंच होतं की. इतकी मेहनत कशासाठी केली असं वाटून गेलं. मग पुढच्या भजनाला लय चढली आणि मीही मोजायचं विसरलो.

खंजिरीवाल्यांच्या धाकट्या मुलाला पुण्याला फाइल पाठवली. त्याचा रात्रीच फोन. “काका, आवाज अजून मागेच आहे.” चौकशी केली तर टीव्हीचा आवाज ब्लूटूथने साउंडबारवर घेतलेला. ब्लूटूथला वेळ लागतो, शे-दोनशे मिलिसेकंद सहज. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करता येतो का बघ, नाहीतर सरळ वायर जोड, असं सांगितलं. अजून जोडलेली नाही. भिंतीवर वायर बरी दिसत नाही म्हणे.