हलक्या हातानें

दुखऱ्या अंगाला जोर लावल्यावांचून बरें वाटत नाहीं, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. डोकें दुखूं लागलें कीं तें आवळून बांधावें, पाय भरून आले कीं रगडून घ्यावे, मान धरली तर तेल जिरेपर्यंत चोळावी. आणि चोळणाऱ्याच्या कपाळावर घाम आला म्हणजे उपचार पुरा झाला असें मानावें. चार वर्षांपूर्वीं हिच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, तींत काखेंतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या, आणि पुढें वर्षभरांत उजवा हात सुजूं लागला. तेव्हां आमच्या आत्याबाई तेलाची बाटली घेऊन सरसावल्या, यांत नवल कांहींच नव्हतें. त्यांची माया खरी होती. म्हणूनच त्यांना थोपविणें कठीण गेलें.

या सुजेला जोर मानवत नाहीं. रक्तामागें हृदयाचा रेटा असतो. लसिकेला असा कोणी वाली नाहीं. पेशींभोंवतीं झिरपलेलें पाणी आणि त्यांतील प्रथिनें गोळा करून ती परत रक्तांत नेऊन सोडते, आणि तेंही नळ्यांच्या मंद आकुंचनावर, स्नायूंच्या हालचालीवर, श्वासावर. इटलींतल्या गास्पारो आसेली याला १६२२ सालीं नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटांत दुधासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. हार्वेचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ त्यानंतर सहा वर्षांनीं आला. तरी हृदय शाळकरी पोरालाही ठाऊक, आणि लसिकेचें नांव पदवीधरालाही दुखणें घरांत आल्यावरच कळतें! काखेंतली वाट मोडली कीं तें पाणी हातांत साचत राहतें.

त्यावरचा मुख्य उपचार ठरलेला आहे: आरंभीं थरांवर थर चढवून केलेली बांधणी, मग दिवसभर घालावयाची घट्ट विणीची बाही, नेमाचा व्यायाम आणि त्वचेची निगा. बाही गुणकारी खरी, पण वैशाखांत ती चढवून शेगडीपुढें उभें राहणें म्हणजे काय, हें घालणारीलाच ठाऊक. म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनीं जोडीला लवचिक चिकटपट्टी सुचविली, तेव्हां घरांत थोडी आशा आली. जपानच्या केंझो कासे यांनीं १९७० च्या दशकांत काढलेली ही पट्टी खेळाडूंच्या गुडघ्यांवर आपण पाहतोंच. सुती कापड, त्यांत ताणला जाणारा धागा, मागें लाटांच्या नक्षीचा चिकट थर. औषध मात्र थेंबभरही नाहीं.

पांच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचें एक टोक अखंड ठेवून बाकीच्या भागाच्या पंख्यासारख्या चार चिरफळ्या करावयाच्या. पाणी जिकडे न्यावयाचें त्या बाजूस अखंड टोक, आणि चिरफळ्या सुजेवर. पट्टीला ताण जवळजवळ नाहींच. ताण द्यावयाचा तो कातडीला, हात वांकवून. मग हात सैल सोडला कीं पट्टीवर बारीक सुरकुत्या उमटतात, त्यांखालीं कातडी किंचित् उचलली जाते आणि लसिकेला वाट मिळते, अशी कल्पना आहे. “प्रोफेसरसाहेब, रांगोळी मोडणार नाहीं इतकाच हात लावा,” असें बाईंनीं मला बजावलें.

पण कल्पना निराळी आणि पुरावा निराळा. कांहीं चाचण्यांत सूज थोडी उतरली. एकींत खरी पट्टी आणि नुसती दिखाऊ पट्टी यांत फरक आढळला नाहीं. घट्ट बांधणीची जागा ती घेऊं शकते, असें तर सिद्ध झालेलेंच नाहीं. कित्येकांच्या कातडीला पुरळ उठतो. हात तांबडा होऊन तापला, अंगांत कणकण आली, तर पट्टीचा विचार टाकून तडक डॉक्टरांकडे जावें लागतें. जाहिरातींत यांतलें कांहीं नसतें. मी दर रविवारीं मोजपट्टीनें हात मोजून वहींत मांडतों. अर्धा सेंटिमीटर उतरला, तर तो पट्टीनें, बाहीनें कीं मोजणाऱ्याच्या आशेनें, हें वही सांगत नाहीं. रात्रीं हात हलका वाटतो, असें ही म्हणते. तें मी वेगळ्या रकान्यांत लिहितों.

आमच्या घराण्यांत नवऱ्यानें बायकोचा हात अर्धा तास धरून बसण्याची रीत नव्हती. आतां तीन-चार दिवसांनीं तसें बसावें लागतें: जुनी पट्टी खोबरेल लावून अलगद सोडवावयाची, कातडी धुवून कोरडी करावयाची, मग नवी. त्या वेळांत ही बोलते. दुखणें पुन्हां उलटेल काय, हा प्रश्न हिनें दवाखान्यांत कधीं केला नाहीं. एके संध्याकाळीं, दुसरी चिरफळी बसवून झाल्यावर, तिनें तो मला विचारला. माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं तिसरी चिरफळी ठेवली, आणि तिनेंही हात हलविला नाहीं.

उद्यां पट्टी बदलावयाची आहे. निळा रंग संपला म्हणून दुकानदारानें गुलाबी दिला. रंगांत गुण नाहीं, हेंही त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. हिनें गुंडाळी उलटसुलट करून पाहिली. “गुलाबी तर गुलाबी. पण अहो, कोपरे तेवढे गोल कापा, नाहीं तर पदराला चिकटतात.”