भाऊंनी न विकलेला चष्मा

भाऊंचं चष्म्याचं दुकान वाईच्या बाजारपेठेत आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं बाहेर ताटकळायचं. भाऊ डॉक्टर नाहीत, आणि तसा कुणाचा समज होऊ नये याची काळजी त्यांनाच जास्त. तरुणपणी गावोगावच्या नेत्रशिबिरांतून डॉक्टरांच्या हाताखाली राबलेला हा माणूस. तिथं जे कानावर पडलं ते त्यांनी नीट जपून ठेवलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यापुढे एक जळमट आलं. वह्या तपासताना कागदावर, भांडी विसळताना ओट्याच्या फरशीवर. नजर वळवली की तेही वळायचं, आणि नीट बघायला जावं तर निसटायचं. कॉलेजात असल्यापासून मला उणे सातचा नंबर. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकमत झालं, की नंबर वाढला. मी नवा चष्मा करायला भाऊंकडे गेले, फ्रेमही पसंत केली.

भाऊंनी ती फ्रेम हातातून काढून घेतली. "बाई, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं होतं का?"

होत होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि पडदा ओढल्यासारखं?"

तसं काही नव्हतं. तरी त्यांनी डावा डोळा झाकायला लावला, चारी बाजूंनी बोटं आत आणत "किती?" "किती?" विचारलं. मग म्हणाले, "चष्मा आज करत नाही. पुण्याला रेटिनाच्या डॉक्टरांकडे जायचं. आजच."

रविवारी मुलगा येणार होता, त्याच्याबरोबर जाईन म्हटलं. "रविवार कशाला उजाडू द्यायचा?" एवढं बोलून त्यांनी फोन लावला. माल भरायला पुण्याला निघालेल्या एका किराणावाल्याच्या गाडीत मला बसवूनही दिलं. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात लखलख सुरू झाली. किराणावाले साखरेचे भाव सांगत होते. मी हुंकार देत होते.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सगळं समजावलं. बुबुळामागच्या पोकळीत साधारण 4 मिलिलिटर नितळ, घट्टसर जेली असते. तिच्यात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच. कोलॅजनचे बारीक तंतू आणि हायलुरॉनिक आम्ल त्या पाण्याला धरून ठेवतात. वय वाढलं की दह्याला पाणी सुटावं तसं तिचं होतं. तंतू गोळा होतात, त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते, तेच जळमट. पुढे कधीतरी ती आक्रसलेली जेली पडद्यापासून सुटते. जास्त उणे नंबर असलेल्यांच्या बाबतीत हे जरा लवकरच होतं. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, उपचार लागत नाहीत. पण जिथं ती घट्ट चिकटलेली असते तिथं पडद्यावर ताण येतो. चमका दिसतात त्या या ताणाच्या, आणि कधी त्यातच पडदा फाटतो. फाटीतून पाणी मागे शिरलं की पडदा सुटायला लागतो आणि नजर जाते.

माझा फाटला होता. कपाळावर दिवा बांधून, पापणीवरून धातूच्या काडीनं डोळा दाबत डॉक्टरांनी फट शोधली. वरच्या बाजूला, घोड्याच्या नालेच्या आकाराची. (तो दाब दुखतो. दुखत नाही म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.) पाणी अजून फारसं शिरलं नव्हतं. लगेच लेसर केलं. हनुवटी टेकवलेली, डोळ्यावर भिंग, आणि हिरवा झोत पुन्हा पुन्हा. प्रत्येक झोताला मान मागे जायची, की डॉक्टर म्हणायचे, "हलू नका." फटीभोवती डागण्यांचं कडं झालं. त्याचे व्रण धरायला दोनेक आठवडे लागतात, तोवर जपा म्हणाले. त्या रात्री पुण्यातच बहिणीकडे राहिले.

पुढे सवडीनं वाचलं तेव्हा ज्यांचं देणं लागते त्यांची यादी लांबतच गेली. फट शोधा आणि बुजवा, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जगाला पटवलं. त्याआधी पडदा सुटला की डोळा गेला, असंच धरून चालत. 1945 च्या सूर्यग्रहणात एका विद्यार्थ्याचा पडदा उन्हानं भाजला. त्यावरून जर्मनीतल्या मायर-श्विकेराट यांना प्रकाशानंच फाट डागण्याची कल्पना सुचली. लेसर त्यानंतर आलं. या सगळ्यांची मी ऋणी आहेच. पण त्यांची विद्या पुण्यातल्या दिव्याखाली होती, आणि मी वाईच्या बाजारात फ्रेम निवडत होते. तिथून मला हलवलं ते भाऊंनी.

जळमट अजून आहे. ते काढून टाका म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागले होते. त्यांनी नकार दिला. ती जेली कापून, ओढून घेऊन जागी खारं पाणी भरण्याची शस्त्रक्रिया आहे. मायामीच्या रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास ती रूढ केली. तिच्यानं पडदा सुटलेले, रक्तस्राव झालेले असंख्य डोळे वाचले. मात्र नुसत्या जळमटासाठी मोतीबिंदू, नवी फट, जंतुसंसर्ग असले धोके पत्करायचे का, ते ठरवा म्हणाले. मी ठरवलं नाही. मध्यंतरी कुणीतरी जळमटं विरघळवणाऱ्या थेंबांची जाहिरात दाखवली, तेव्हा भाऊंकडे चौकशी केली. "तसलं मी दुकानात ठेवत नाही," एवढंच म्हणाले.

चष्मा नंतर त्यांच्याकडूनच केला. पैसे पुरे घेतले, एक रुपया सोडला नाही. पेढे नेले तर दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटून टाकले.

आता त्यांचा मला फोन येतो. "बाई, जरा येता का? यांना कडेला चमका दिसतायत, माझं ऐकत नाहीत." मग मी जाते आणि माझी हकीकत सांगते. परवा एक आजोबा बाजार उरकून, दोन दिवसांनी बघू म्हणत होते. त्यांच्या सुनेला फोन लावून दिला. ती निघाली माझ्याहून खमकी.