दर्याची तालीम

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात, की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर अशी गावे मागे टाकीत सुमारे पन्नास किलोमीटरवर रांजणगाव लागते. अष्टविनायकाच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण येथे येऊन गेले असतील. महागणपतीचे दर्शन घ्यावे, देवळाच्या सावलीत घटकाभर बसावे आणि पुढच्या गावाला लागावे, असा आपला रिवाज. या खेपेस मात्र दर्शन झाले की जरा रस्त्याच्या कडेला थांबा आणि जाणारी-येणारी वाहने पाहा.

उसाच्या ट्रॉल्या दिसतील, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेंपो दिसतील. आणि त्यांच्या मधून संथपणे जाणारे लांबलचक ट्रेलर दिसतील. त्यांच्या पाठीवर निळ्या, तांबड्या, करड्या रंगाच्या लोखंडी पेट्या असतात. त्यांना आपण कंटेनर म्हणतो. त्यांवर परदेशी जहाज कंपन्यांची नावे मोठ्या अक्षरांत रंगवलेली असतात. येथून समुद्र दीडशे किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्री आडवा. तरी रांजणगावचा आणि दर्याचा असा रोजचा व्यवहार चालू असतो. एमआयडीसीत तयार झालेल्या मालाचा काही भाग याच पेट्यांतून परदेशी जातो, आणि कारखान्यांना लागणारे सुटे भाग याच पेट्यांतून येतात. आपल्या भागातला कांदा, डाळिंब, साखर यांनाही शेवटी त्याच वाटेने जावे लागते.

या स्थानाची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. त्रिपुरासुराशी लढायला निघताना शंकराने गणेशाचे स्मरण केले नाही, म्हणून युद्ध अडले. मग येथे आराधना केली आणि जय मिळाला, असे सांगतात. मोठ्या कामाला हात घालण्याआधी तयारी करावी, एवढा साधा अर्थ त्यातून घेतला तरी पुरे. आज तुम्हाला सांगायचे आहे ते अशाच एका तयारीविषयी.

आधी त्या पेटीबरोबर बंदरापर्यंत जाऊन येऊ. ट्रेलर शिक्रापूरला वळतो, चाकण ओलांडून तळेगावच्या रस्त्याला लागतो. वाटेत इंदुरीजवळ तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. जहाजावर अधिकारी होऊ इच्छिणारी मुले येथे शिकतात. शिकण्यासाठी आवारातच जहाजासारखी रचना उभी केली आहे. समुद्र नाही, पण जहाजाची तालीम मात्र आहे. पुढे द्रुतगती मार्ग, बोरघाटाची उतरण, पनवेल, आणि मग उरण तालुक्यातले न्हावा शेवा बंदर. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. उंच क्रेन पेटी उचलते, जहाजावर ठेवते, आणि तुमच्या शिवारातला कांदा दुबईच्या किंवा मलेशियाच्या वाटेला लागतो.

हे सारे सुरळीत चालते ते दर्या शांत असेपर्यंत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. कोकणात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, आणि घाटावर आपल्या पुणे जिल्ह्यातही पॉलिहाऊस फाटली, शेडचे पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गुजरातकडे गेले. मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला, बंदरांतले काम थांबवावे लागले, आणि खोल समुद्रात ‘पी ३०५’ हा तराफा बुडून कितीतरी कामगारांचे प्राण गेले.

अशी वादळे पूर्वी बंगालच्या उपसागराची मानली जात. आता अरबी समुद्र तापू लागला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. आणि ही वादळे येतात केव्हा? एक हंगाम मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा. आपला उन्हाळी कांदा मे महिन्यात नुकताच चाळीत पडलेला असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात डाळिंबाची तोड चालू असते. म्हणजे दर्या बिघडण्याची आणि आपला माल निघण्याची वेळ बरेचदा एकच.

तुम्ही म्हणाल, वादळ दोन दिवसांचे. बंदर दोन दिवस बंद राहिले तर एवढे काय बिघडले? याचे उत्तर साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे उभे राहिलेल्या कोणाही गाडीवानाला ठाऊक असते. कारखाना दोन दिवस बंद पडला, की ट्रॉल्यांची रांग दोन दिवसांत संपत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या बंदराची ताकद रोज १० पेट्या चढवण्याची आहे आणि रोज ९ पेट्या येतात. दोन दिवस काम थांबले, तर १८ पेट्या तुंबल्या. तिसऱ्या दिवसापासून रोजच्या ९ येतच राहणार. म्हणजे तुंबलेल्यांपैकी रोज एकच पेटी निघणार, आणि सगळी रांग संपायला १८ दिवस लागणार! वादळ दोन दिवसांचे आणि खोळंबा अडीच आठवड्यांचा. आता त्याच बंदराची ताकद १२ पेट्यांची असती, तर रोज तीन पेट्या जादा निघून हेच काम ६ दिवसांत आटोपले असते. थोडी जादा ताकद हाताशी ठेवणे ही उधळपट्टी नव्हे, हे त्यावरून कळते. लोखंडी भागांची पेटी अठरा दिवस उभी राहिली तरी चालेल. कांदा मात्र कोंडलेल्या पेटीत घाम धरतो, कोंब येतात, सडतो. डाळिंबाच्या थंड पेटीला तर अहोरात्र वीज लागते. नुकसान पेटीचे होत नाही, आतल्या मालाचे होते. आणि त्याचा भार फिरत फिरत शेवटी शेतकऱ्याच्या भावावर येतो.

खरे बंदर बंद पाडून असे हिशेब पाहता येत नाहीत. वादळ आल्यावर शिकायचे म्हटले तर ती विद्या फार महाग पडते. म्हणून जाणकारांनी तालमीची युक्ती काढली. नाटकमंडळी जशी पडदा उघडण्याआधी तालीम करतात, तशी वादळाची तालीम आधीच करायची. याला सिम्युलेशन म्हणतात. आणि ही तालीम पाहायची तर समुद्राकडे जायला नको. उलट फिरून पुन्हा पुण्याला या आणि खडकवासल्याचा रस्ता धरा.

खडकवासला धरण दौंड आणि इंदापूरकरांना सांगायला नको. तेथूनच निघालेल्या कालव्याच्या पाण्यावर तुमचा ऊस उभा असतो. या धरणाजवळच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याचा आरंभ १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने केला, तोही शेतीसाठीच. कालव्यांतून पाणी नीट कसे द्यावे, दुष्काळाची झळ कशी कमी करावी, एवढाच मूळ हेतू होता. प्रारंभी हडपसरला असलेले हे काम पुढे खडकवासल्याला आले. येथे काम केलेले सर क्लॉड इंग्लिस हे अभियंते नंतर इंग्लंडमधल्या अशाच संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. म्हणजे आपल्या कालव्यांवर तयार झालेली विद्या विलायतेपर्यंत गेली.

कालव्यांपासून सुरू झालेले हे काम हळूहळू नद्या, धरणे आणि बंदरांपर्यंत पोहोचले. मुंबई आणि न्हावा शेवा बंदरांचे अभ्यास येथे झाले आहेत. मोठमोठ्या हौदांत सिमेंटचा तळ करतात. खऱ्या बंदरात जेथे खोली तेथे खोली, जेथे उंचवटा तेथे उंचवटा. मग पाणी सोडतात. एका बाजूला यंत्राची फळी पुढेमागे हलते आणि लाटा उठवते.

यात एक गंमत आहे, ती घरातल्या शाळकरी मुलांना जरूर सांगा. बंदर शंभरपट लहान केले, तर पाच मीटरची लाट पाच सेंटीमीटरची होते. पण वेळ शंभरपट लहान होत नाही. ती दहापटच लहान होते, कारण दहा गुणिले दहा म्हणजे शंभर. खऱ्या समुद्रात दहा सेकंदांनी येणारी लाट हौदात एका सेकंदाने येते. दहा तासांचे वादळ एका तासात पुरे होते. लाट आणि वेळ यांचे हे नाते सांभाळले, तरच लहान समुद्र मोठ्या समुद्रासारखा वागतो.

बंदरापुढे लाटा अडवण्यासाठी दगडांचा बांध घालतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला चार पायांचे सिमेंटचे ठोकळे तुम्ही पाहिले असतील, तसे ठोकळेही वापरतात. त्यांच्या लहान प्रतिकृती लांबट हौदात रचतात आणि लाटा हळूहळू वाढवीत नेतात. कितव्या लाटेला कोणता दगड हलला, हे पाहून बांधाचे वजन आणि उतार ठरवतात. आपण ताल घालताना पहिला पाऊस पाहून जे शिकतो, ते येथे बांध घालण्याच्या आधीच शिकतात.

हौदाच्या जोडीला आता संगणक आला आहे. त्यात पाण्याबरोबर अख्खे बंदर मांडता येते: जहाजे, क्रेन, दरवाजे, ट्रेलर, रेल्वे. मग विचारायचे, वादळ दोन दिवस राहिले तर काय? चार दिवस राहिले तर? पनवेलच्या रस्त्यावर पाणी आले तर? आधी नाशवंत माल काढला तर? एकेका प्रश्नासाठी संगणक शेकडो वेळा तेच नाटक वेगवेगळ्या रीतीने करून पाहतो. वर आपण केलेला दहा-नऊचा हिशेब हे त्याचेच बाळरूप होय.

वादळच कशाला, दुष्काळही जहाजे अडवतो. अमेरिका खंडातला पनामा कालवा गोड्या पाण्याच्या तलावावर चालतो. एकेक जहाज पायऱ्या चढावीत तसे पाण्याच्या कोठड्यांतून वर चढते आणि पलीकडे उतरते, आणि दर खेपेस तलावाचे कोट्यवधी लिटर पाणी समुद्रात जाते. २०२३ साली तेथे पाऊस कमी झाला. तेव्हा रोज छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजे कमी करीत चोवीसपर्यंत, मध्यंतरी त्याच्याही खाली आणावी लागली. कालव्याचे आवर्तन लांबले की आपली जी गत होते, तीच तेथे जगभरच्या जहाजांची झाली. कोणाला आधी सोडायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवण्याचे काम तेथेही आलेच.

तरीही तालमीवर डोळे मिटून विसंबू नये. जसे पेराल तसे उगवेल, हा नियम संगणकालाही लागू आहे. समुद्राची खोली, भरती-ओहोटी, लाटांची उंची यांची मापे चुकली, तर उत्तरही चुकते. शिवाय काही प्रश्न हौदात मावतच नाहीत. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेथे लाट कोठे फुटेल, गाळ कोठे साठेल, हे प्रतिकृती सांगू शकेल. पण जाळे टाकण्याची जागा गेल्यावर मच्छीमाराने काय करावे, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. ते माणसांनीच माणसांना विचारून ठरवावे लागते.

आणखी एक उणीव आपल्या अगदी जवळची आहे. बंदर बंद होणार ही खबर बंदराला आधी लागते, जहाज कंपनीला लागते, कारखान्याच्या साहेबालाही लागते. कांदा भरणाऱ्याला ती शेवटी कळते. तोवर गोण्या शिवून गाडीत चढलेल्या असतात. कितीही चांगली तालीम केली आणि तिचा निकाल चाळीपर्यंत पोहोचला नाही, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने ती न केल्यासारखीच. चाळीतला कांदा आणखी आठ दिवस हवेशीर राहू शकतो. बंदराच्या दारात ऊन खात उभ्या असलेल्या पेटीतला कांदा राहू शकत नाही.

म्हणून आपल्याकडून एवढे तरी करावे. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत निर्यातीचा माल काढण्याआधी हवामान खात्याचा समुद्राचा अंदाज ऐकावा, केवळ आपल्या तालुक्याचा नव्हे. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला आहे, हे विचारावे. व्यापाऱ्याला किंवा आपल्या शेतकरी कंपनीला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: माल कोणत्या जहाजाने जाणार, बंदरात पेटी घेण्याची शेवटची वेळ कोणती, आणि जहाज लांबले तर खराबी कोणाच्या माथी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर घ्यावे. डाळिंबाची तोड जहाजाची तारीख पक्की झाल्यावरच करावी.

सवड काढून एकदा मुलांना खडकवासल्याला अवश्य न्या. शासकीय संस्था असल्याने आधी पत्र पाठवून परवानगी घ्या. शाळेमार्फत गेलात तर अधिक सोयीचे. गुडघाभर पाण्यातले ते बंदर पाहिले, की वर्तमानपत्रातली ‘समुद्र खवळला’ ही बातमी मुलांना परक्या मुलखातली वाटणार नाही. वादळ थोपवणे कोणाच्याच हाती नाही. ते येण्यापूर्वी माल कोठे असावा, हे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे.