पगार देणाऱ्यावर जीव जडतो तेव्हा

सतीश राजवाडे यांचा 'प्रेमाची गोष्ट' (२०१३) मला मनापासून आवडतो, तरी एका ठिकाणी माझं मन अडतं. अतुल कुलकर्णींचा राम पटकथालेखक, सागरिका घाटगेंची सोनल त्याची सहायक. दोघांचेही संसार मोडायला आलेले, आणि गाठ पडते ती विवाह समुपदेशनाच्या निमित्तानं. त्याचा प्रेमावर विश्वास, तिचा उडालेला. लेखकाच्या घरातलं काम बोलण्याचंच, त्यामुळे कामाच्या ओघात हा वाद आपसूक उकरला जातो. ही जुळणी सुरेख आहे. पण रामच तिला पगार देतो, हे चित्रपट हळूहळू विसरतो. सोनलनं नकार दिला तर उद्या ती कामाला यायची की नाही? हा प्रश्न तिथं कुणालाच पडत नाही. बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'मध्ये (१९७६) नायिका प्रभाची रोजीरोटी तिच्यावर जीव जडलेल्या अरुणच्या हातात नाही. प्रभा नाही म्हणाली असती, तर अरुणचं मन मोडलं असतं, तिची नोकरी शाबूत राहिली असती. म्हणून बसथांब्यावरची त्याची तारांबळ बघताना आपण मोकळेपणानं हसतो.

राम सज्जन आहे, मग ही शंका कशाला, असं कुणी म्हणेल. पण मालकाचा चांगला स्वभाव हा त्याचा गुण झाला, तिचा हक्क नव्हे. हा चित्रपट आला त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची सोय त्यात आहे. एक लेखक आणि एक सहायक, एवढंसं ऑफिसही कायद्याच्या नजरेतून सुटलेलं नाही. मग चांगल्या लेखकाच्या नजरेतून ते का सुटावं? हलक्याफुलक्या चित्रपटावर हे ओझं कशाला, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तरी प्रेमपटाची सगळी रंगत नकाराच्या भीतीत असते. सोनलच्या नकाराला किंमत आहे हे दिसलं असतं, तर तिच्या होकारालाही धार आली असती.

निपाणीच्या बाजूला हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. तोंडाला पदर बांधून वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला मालकाची मर्जी म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. युगांतर या चित्रपटकारांच्या गटानं १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला, तो इथल्याच कामगार बायकांना सोबत घेऊन. त्यात त्या काम, मजुरी आणि संघटना यांविषयी स्वतः बोलतात. माहितीपटाची फूटपट्टी प्रेमपटाला लावू नये, हे मान्य. पण त्या बायकांचं बोलणं ऐकल्यावर सोनलचं गप्प राहणं फार जाणवतं. तिला प्रेमाबद्दल इतकं बोलायला दिलं आहे. नोकरीबद्दल दोन वाक्यं तरी द्यायला हवी होती.