पहिली सुई कुणाच्या हातात?

देशातील एमबीबीएसच्या जागा वाढल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. २०१४ च्या सुमारास या जागा एक्कावन्न हजारांच्या आसपास होत्या. आज त्यांनी एक लाखाचा आकडा ओलांडला आहे. डॉक्टरांची उणीव असलेल्या देशात ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवणारा शिक्षक या नात्याने ती बातमी वाचताना माझ्या मनात दर वेळी एक प्रश्न उभा राहतो : या लाखभर विद्यार्थ्यांनी आपली पहिली सुई कुणाच्या हातात टोचायची?

आमच्या पिढीला हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले होते. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे जगभरच्या शल्यचिकित्सकांचे जुने सूत्र. त्यातले ‘करा’ आमच्यासाठी शासकीय रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात घडत असे. ज्याला पैसे मोजणे शक्य होते, तो अन्यत्र जाऊन अनुभवी हाताची अपेक्षा करू शकत होता. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, त्याने आपला हात निमूटपणे आमच्यापुढे केला. आमचे हात त्या माणसांच्या शरीरांवर घडले. हे ऋण आमच्या कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नाही.

शिरेत कॅन्युला घालण्याची कृती पुस्तकात चार ओळींत संपते. दंडाला रबरी पट्टा बांधावा, त्वचा ताणून धरावी, सुई तिरपी आत न्यावी, मागच्या कप्प्यात रक्त दिसताच कोन कमी करून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवावी. माझ्या आंतरवासितेच्या काळात एका ज्येष्ठ परिचारिकेने मला पाचवी ओळ शिकवली. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा.” चांगली शीर बोटाखाली दबते आणि पुन्हा उसळते, कंडरा ताठ राहते, धमनी ठोके देते. हा फरक ऐकून कळतो, पण बोटाला तो समजण्यासाठी कितीतरी हात चाचपावे लागतात.

ऐकून कळणे आणि हाताला येणे यांमधील अंतर अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांत मांडले : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएससाठी लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेपुढे यांपैकी कोणती पायरी गाठायची, हे छापलेले असते. त्याबरोबर कौशल्य प्रयोगशाळा आली, लॉगबुक आले आणि रुग्णांची ओळख पहिल्याच वर्षापासून होऊ लागली.

या प्रयोगशाळेतील पुतळ्यांना कुणी खेळणी म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची, हे पाठ असलेला विद्यार्थीही पुतळ्यावर पहिल्यांदा दाबताना दुसऱ्याच मिनिटाला थकतो आणि त्याचा दाब उथळ होऊ लागतो. न रडणाऱ्या नवजात बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत फुगा व मास्कने श्वास द्यायचा असतो. त्या वेळी मान फार वाकली किंवा फार मागे गेली, मास्क गालाशी नीट बसला नाही, तर हवा फुप्फुसांत जातच नाही. पुतळ्याची छाती वर उचलली जात नाही, हे विद्यार्थ्याला दिसते. तो मान सरळ करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पुतळ्यापाशी चुकायला आणि पुन्हा सुरू करायला वेळ असतो. बाळापाशी तो नसतो.

मात्र पुतळे विकत घेतले म्हणजे कौशल्य आले, असे होत नाही. एका पुतळ्याभोवती तीस विद्यार्थी उभे राहिले, तर तिघे करतात आणि सत्तावीस जण पाहतात. लॉगबुकात सह्या मात्र तिसांच्याही होतात. पुढे आंतरवासितेचे वर्ष येते. हात घडण्याचा खरा काळ तोच. पण तेव्हा विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे पदव्युत्तर प्रवेशाचे दोनशे बहुपर्यायी प्रश्न असतात. त्या परीक्षेत टाका घालता येतो का, हे कुणी तपासत नाही. मग हुशार मुले वॉर्डातून ग्रंथालयात गेली, तर दोष त्यांना कसा द्यावा? परीक्षा ज्याची मागणी करते, तेच विद्यार्थी शिकतात. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच टेबलाटेबलावर एकेक कौशल्य ठरावीक वेळात करून दाखवण्याची परीक्षा मांडली होती. आपल्या महाविद्यालयांत ती आता रुळते आहे. तिचे गुण निर्णायक झाले, तर सहीपुरते उरलेले लॉगबुकही खरे बोलू लागेल.

पुतळ्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्याचा हात थरथरत नाही, त्याला घाम येत नाही, त्याची आई शेजारी उभी राहून तुमच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. शेवटची पायरी माणसापाशीच चढावी लागते. पण तिथे पोहोचण्यापूर्वीच्या तीन पायऱ्या रुग्णाच्या वेदनेवर चढण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तो रुग्ण गरीब आहे म्हणून तर मुळीच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून एवढेच सुचवतो. प्रयोगशाळा बंद असेल, तर ती उघडण्याची मागणी लेखी करा. लॉगबुकावर सही घेण्यापूर्वी ती कृती शिक्षकांसमोर स्वतः करा. रुग्णाला सांगा, “मी विद्यार्थी आहे, वरिष्ठ माझ्या शेजारी आहेत, आपली परवानगी आहे का?” नकार मिळाला तर तो मानाने स्वीकारा. आणि दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही, तर सुई खाली ठेवून अनुभवी हाताला बोलावा. तो हात बहुधा परिचारिकेचा असेल. त्या वेळी निघून जाऊ नका, शेजारी उभे राहून तिची बोटे पाहा.