घाट बघून लोड ठरवायचा

व्हीआरचा हेडसेट हौसेने आणलेले बरेच जण आठवड्याभरात तो कपाटात ठेवून देतात. कारण विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "गरगरलं." बहुतेक वेळा दोष खेळाचा नसतो, डोक्याचाही नसतो. सेटिंग्ज त्या माणसाला आणि त्या कॉम्प्युटरला जुळवलेल्या नसतात, एवढंच. आपल्या अंकाचे तरुण वाचक लॅपटॉपवर खेळतातच, ग्राफिक्सचं लो-मीडियम-हाय त्यांना माहीत आहे. व्हीआरमध्ये मात्र ते गणित वेगळं चालतं. ते मला ज्यांच्यामुळे कळलं, ते आमचे आज्जा ८१ वर्षांचे आहेत आणि 'ग्राफिक्स कार्ड' हा शब्द त्यांनी यंदाच ऐकला.

आज्जा १९६३ साली रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि २००३ साली ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. अळणावर ते दांडेली हा लाकडाच्या गाड्यांचा फाटा आणि लोंढ्यापलीकडचा कॅसलरॉकचा घाट, दोन्ही त्यांनी मीटरगेजच्या दिवसांत कोळशाच्या इंजिनावर केलेत. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं स्टेशनवर जाणं बंद झालं. गाडीची शिट्टी घरात ऐकू येते, तेव्हा ते घड्याळाकडे बघतात आणि काही बोलत नाहीत.

दुबईच्या मामेभावाने त्याचा जुना क्वेस्ट २ मला दिला, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला खेळ आला तो डिरेल व्हॅली. २०१९ पासून मिळणारा हा आगगाडीचा खेळ एका काल्पनिक दरीत घडतो. त्यात खरोखर फावड्याने कोळसा घालावा लागतो, बॉयलरमधलं पाणी सांभाळावं लागतं, आणि जंगलातून ओंडके भरून लाकडाच्या गिरणीला पोचवायचे असतात. म्हणजे दांडेलीचाच फाटा, फक्त दुसऱ्या मुलखात. त्यातलं मोठं वाफेचं इंजिन २-८-२ चाकांचं आहे. आपल्याकडच्या मीटरगेज मालगाड्यांच्या वायजी इंजिनाची चाकंही तशीच मांडलेली होती. हे सांगितल्यावर आज्जा म्हणाले, "बघू की मग." पण मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. पहिल्या वेळेला मळमळलं असतं, तर दुसरी वेळ आली नसती. म्हणून त्यांना बसवण्याआधी तीन रात्री मी एकटीच सेटिंग्जशी झटत होते.

आधी डोळ्यांचं. क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधलं अंतर तीनच जागी बसतं : ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. आज्जांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मी आरशासमोर पट्टी धरून मोजलं, ते ६४ भरलं, म्हणजे मधली जागा. चष्म्यासाठी खोक्यात एक जादा फ्रेम येते, ती बसवली. पण त्यांचा रोजचा चष्मा बायफोकल. हेडसेटमध्ये सगळं चित्र, जवळचा दांडा असो की लांबचा डोंगर, डोळ्याच्या दृष्टीने एकाच ठरलेल्या अंतरावर असतं. वाचायचं भिंग मध्ये आलं की खालचं अर्धं जग पुसट होतं. ट्रंकेतला फक्त लांबचा जुना चष्मा काढला आणि प्रश्न सुटला. भिंगं जुळलेली नसतील तर हजारो रुपयांचं कार्डही कामाचं नाही, म्हणून घरात हेडसेट आणलात तर सुरुवात इथून करा.

आता ग्राफिक्स. क्वेस्ट २ चा पडदा एका डोळ्याला १८३२ बाय १९२० पिक्सेलचा आहे. दोन डोळ्यांचे मिळून सुमारे ७० लाख. साध्या फुल एचडी पडद्याला २१ लाखही लागत नाहीत. त्यात भिंग चित्राला वाकवतं, ती वाकणूक भरून काढायला कॉम्प्युटरला चित्र पडद्यापेक्षाही मोठं रंगवावं लागतं. आणि हे सगळं वेळेत. सेकंदाला ७२ चित्रं ठरवली तर एका चित्राला १३.९ मिलिसेकंद मिळतात. ९० ठरवली तर ११.१, आणि १२० ठरवली तर फक्त ८.३.

लॅपटॉपच्या पडद्यावर एखादं चित्र उशिरा आलं तर खेळ अडखळतो, आपण वैतागतो, बस्स. हेडसेटमध्ये मान वळली आणि जग मागून वळलं, तर कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय एक सांगतं आणि डोळे दुसरंच. हे भांडण पोटावर येतं. म्हणून व्हीआरमध्ये चित्र सुंदर किती हा प्रश्न नंतरचा. ते दर वेळी वेळेवर आलं पाहिजे. ९० वर ठेवून मध्येच घसरणाऱ्या खेळापेक्षा ७२ वर अखंड चालणारा खेळ डोक्याला कितीतरी हलका. माझ्याकडचा लॅपटॉप आरटीएक्स ३०६० चा, सहा जीबी मेमरीचा. मी मुकाट्याने ७२ निवडलं.

स्टीमव्हीआरमध्ये 'फ्रेम टायमिंग' नावाचा आलेख उघडता येतो. प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले ते त्यात दिसतं. सगळं लो वर ठेवून एकेक गोष्ट वाढवत जायची आणि आलेख १३.९ च्या खाली ठेवायचा, असं माझं ठरलं होतं. मोजायला बसणार तेवढ्यात आज्जा शेजारी येऊन बसले. हे काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजणार कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"पोरी, यार्डात उभं राहून इंजिनाची ताकद कळत नाही. गाडीचा लोड घाट ठरवतो."

मग मला घाट समजावला. कुळेहून वर कॅसलरॉकला येताना ३७ फुटांमागे १ फूट चढ. खालच्या सपाटीवर इंजिन ओढेल तेवढे डबे त्या चढावर ओढत नाही. म्हणून आख्ख्या मार्गावरचा सगळ्यात वाईट चढ कोणता, ते बघून डबे ठरवायचे, नाहीतर मागून ढकलायला बँकर इंजिन लावायचं. रेल्वेत त्या चढाला रूलिंग ग्रेडियंट म्हणतात.

इंटरनेटवरचे दहा व्हिडिओ बघूनही मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. खेळात घाट कुठे आहे ते मी शोधायला लागले. तो चढावर नव्हता. दोन्ही बाजूंना दाट जंगल, वळण, रेग्युलेटर पूर्ण उघडा आणि धुराचा लोट केबिनच्या खिडकीवरून वाहतोय, अशी एक जागा सापडली. धूर आणि वाफ म्हणजे एकावर एक ठेवलेले अर्धपारदर्शक थर. प्रत्येक थर पुन्हा रंगवावा लागतो, आणि धूर डोळ्यांजवळ आला की तो सगळं चित्रच व्यापतो. यार्डात साडेदहा मिलिसेकंद दाखवणारा आलेख तिथे सतरावर गेला. पुढचं सगळं काम मी त्याच वळणावर थांबून केलं.

वेळ पुरला नाही की काय होतं, तेही तिथेच दिसलं. सॉफ्टवेअर खेळाला निम्म्यावर आणतं, ७२ ऐवजी ३६ चित्रं मागतं आणि मधली चित्रं अंदाजाने स्वतः बनवतं. मोकळ्या माळावर हे खपून जातं. पण केबिनमध्ये खिडकीचा खांब जवळ असतो, बाहेरची झाडं लांब, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकतात. तिथे अंदाज फसतो. दोन मिनिटं हेडसेट लावून बघितल्यावर आज्जा म्हणाले, "उन्हाळ्यात रुळावर मृगजळ दिसतं ना, तसं खिडकीच्या कडेला दिसतंय की." नेमकं तेच. ती सोय मी बंद केली आणि लोड उतरवायला घेतला.

पहिल्यांदा सावल्या. त्यांच्याइतकी वेळखाऊ आणि त्यांच्याइतकी कमी लक्षात येणारी दुसरी गोष्ट नाही. लांबवरच्या सावल्या काढल्या, जवळच्या मीडियमवर ठेवल्या. मग झाडी. इथे एक गंमत आहे. लॅपटॉपला जोडून खेळताना क्वेस्टकडे चित्र दाबून, व्हिडिओसारखं जातं, आणि हलणाऱ्या लाखो पानांचं चित्र दाबलं की त्याचा चिखल होतो. म्हणून झाडी थोडी विरळ केली तर कार्डाचा भार कमी होतोच, वर उरलेलं जंगल अधिक स्वच्छ दिसतं. वायफायऐवजी पाच मीटरची केबल वापरली, कारण आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड-दीड फूट जाड आहेत आणि राउटर पलीकडच्या सोप्यात. मोशन ब्लर आणि लांबचं मुद्दाम पुसट करणारी सेटिंग तर व्हीआरमध्ये बंदच ठेवावी. डोळे आपले आपण बघून घेतात.

अँटी-अलायझिंगला हात लावायचा मोह मात्र आवरला. ते काढलं की रुळांच्या बारीक रेघा आणि तारा मुंग्या चालल्यासारख्या वळवळतात. ज्याने चाळीस वर्षं रुळांकडे बघितलंय, त्याला ते दाखवणं बरं नव्हे.

रिझोल्युशन शेवटी, आणि नाइलाजाने. कारण ड्रायव्हरला लांबचं दिसलं पाहिजे. मी बसवलेल्या आवृत्तीत सिग्नल नाहीत ("सिग्नल नाहीत? मग गाडी चालवतात कशी?" हा प्रश्न झालाच), पण वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. पाटीवर ५ असेल तर ताशी ५० किलोमीटर. रिझोल्युशन जास्त उतरवलं की ३ आणि ८ सारखेच दिसायला लागतात. स्टीमव्हीआरमधला टक्का एकूण पिक्सेलचा असतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ६४ टक्के म्हणजे लांबी-रुंदी प्रत्येकी ८० टक्केच राहते, ऐकायला वाटतो तेवढा तो उतार मोठा नाही. आणि हेडसेटच्या स्वतःच्या ॲपमध्ये रिझोल्युशनचा आणखी एक आकडा असतो. तो वाढवला की इकडचे १०० टक्केही मोठे होतात, म्हणून एक आकडा ठरवून सोडून द्यायचा आणि दुसराच हलवायचा. मी ८० टक्क्यांवर थांबले. त्या वळणावर, धुरात, आलेख १२.८ दाखवत होता.

एवढं झाल्यावर ऐन जुलैच्या पावसात लाईट गेली. लॅपटॉप बंद पडला नाही, पण बॅटरीवर गेल्याबरोबर कार्डाने अंग आखडलं आणि आलेख लालभडक झाला. लॅपटॉपवर व्हीआर खेळणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं : चार्जर निघाला की सगळं गणित मोडतं. अळणावरच्या पावसाळ्यात तर आकाश बघूनच हेडसेट काढायचा.

रविवारी सकाळी लाईट होती. आज्जांना हातांच्या खुर्चीत बसवलं, हातात दोन्ही कंट्रोलर दिले. चालून फिरण्याची सोय मी बंद ठेवली होती, फक्त इंजिनात बसायचं. केबिनचा एक फायदा असा, की भोवतीचा सांगाडा स्थिर दिसतो आणि डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं, त्यामुळे गरगरणं कमी होतं. त्यांनी आधी काहीच केलं नाही. मान वर करून छत बघितलं, डावीकडे बघितलं, पाण्याच्या काचेकडे वाकून बघितलं. मग हात रेग्युलेटरवर गेला. तो कुठे असेल हे मी सांगायच्या आत.

आठ डबे ओंडक्यांचे होते. गाडी सुटली. "धावतेय खरी, पण बुड हलत नाही," एवढी एक तक्रार आली. पंधरा मिनिटांची मर्यादा मी घातली होती, नवख्या माणसाला तेवढं पुरे. आज्जी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेल्या. हवेत फावडं मारणारा नवरा बघून त्या काही बोलल्या नाहीत, पण मिक्सर लावायच्या थांबल्या. माझी नजर आलेखावर आणि त्यांच्या चेहऱ्यावर. घाम नाही, गिळणं नाही. ते वळण आलं, धूर आला, आलेख हिरवा राहिला.

आणि वळणावर आज्जा खुर्चीतून उजवीकडे वाकले. इतके, की मी खांदा धरला. ते खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होते. पडद्यावर मला दिसत होतं, लाकडाचे डबे एकामागे एक वळण घेत होते, शेवटचे दोन पुसट. ते तसेच बघत राहिले.

"काय बघताय?"

"गार्ड. वळणावर मागं बघायचं असतं. गाडी सगळी येतेय का, आस तापलाय का. गार्ड झेंडी दाखवतो, मग पुढं." थोडं थांबून म्हणाले, "शेवटचा डबा दिसत नाही नीट."

पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी गाडी थांबवली, ब्रेक लावून ठेवला, मगच हेडसेट काढू दिला. पाणी प्याले. डोकं हलकं वाटतं का विचारलं, तर म्हणाले, "भूक लागली."

त्या रात्री मी पुन्हा त्या वळणावर गेले. या खेळात गाडीच्या शेवटी लावायला एक लाल रंगाचा गार्डचा डबा मिळतो, तो जोडला. जवळच्या सावल्याही आता पूर्ण काढल्या, झाडी आणखी एक पायरी उतरवली आणि वाचलेले मिलिसेकंद रिझोल्युशनला दिले. ८० चे ९५ टक्के झाले. आलेख १३.४, धुरातसुद्धा. आता वळणावर शेवटचा डबा स्पष्ट लाल दिसतो. त्यात गार्ड नाही, ही आज्जांची तक्रार अजून आहे.