पुतळ्याची उंची



तुझे पत्र पावले. वॉटर्लूच्या संग्रामाचा डायोरामा करण्याचा तुझा मनोदय वाचून फार समाधान वाटले. परंतु पुतळे किती उंचीचे मागवावेत हा जो प्रश्न तू सर्वांआधी घातला आहेस, तो माझ्या मते दुसरा आहे. 18 जून 1815 च्या त्या दीर्घ दिवसातला कोणता प्रसंग तुला उभा करावयाचा, हे मुक्रर झाल्यावाचून उंचीचा निवाडा होणे नाही.

संपूर्ण रणक्षेत्र दाखवू म्हणणाऱ्यास काय काय सोसावे लागते, याचा दाखला विल्यम सायबर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या प्रतिकृतीत मिळतो. 1830 साली ला ए सेंतच्या शेतवाडीवर आठ महिने मुक्काम ठोकून त्याने त्या भूमीची मोजणी केली, लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडून कोणती पलटण कोठे उभी होती याच्या जबान्या गोळा केल्या, आणि 1838 मध्ये जी प्रतिकृती लोकांपुढे मांडली ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मैलाला नऊ फूट, म्हणजे जवळजवळ 1/600, हे तिचे प्रमाण. तरीही ती साडेसहा मीटर लांब झाली. या हिशेबाने मनुष्य तीन मिलिमीटरांचासुद्धा भरला नसता, म्हणून पुतळे सुमारे 10 मिलिमीटरांचे ओतावे लागले, आणि असे 70,000 हून अधिक पुतळे मांडूनही एका पुतळ्याने दोन शिपायांची जागा भरून काढावी लागली. मला ही तडजोड सर्वस्वी न्याय्य वाटते. सैन्यांची मांडणी हाच ज्याचा विषय, त्याने एकेका शिपायाच्या मुद्रेचा मोह सोडलाच पाहिजे.

तुझ्या पत्रात मात्र हुगोमाँच्या वाड्याचा उत्तर दरवाजा पुन्हा पुन्हा येतो. कुऱ्हाडीने दार फोडून लग्रो आणि त्याचे फ्रेंच सोबती आत घुसले असता ब्रिटिश पक्षाचे मॅकडोनेल, कॉर्पोरल ग्रॅहम आणि त्यांचे साथीदार खांदे लावून ती दारे लोटीत आहेत, हा प्रसंग ताणलेल्या मानांचा आणि रोवलेल्या टाचांचा आहे. येथे 54 मिलिमीटरांच्या, म्हणजे स्थूलमानाने 1/32 च्या, खाली उतरू नकोस. दहा फुटी दार या मापात साडेनऊ सेंटिमीटरांचे होते आणि कोटाची वीस मिलिमीटरांची गुंडी सहा दशांश मिलिमीटर भरते. बारीक कुंचल्याच्या टोकाने ती रंगविता येते. 1/72 मध्ये तीच गुंडी निम्म्याहून लहान होते. त्या मापाचे पुतळे स्वस्त, आणि घोडदळाच्या रांगाच्या रांगा मांडण्यास फार उत्तम; पण दार लोटणाऱ्याच्या कपाळावरची शीर त्यात दिसणार नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. 54 मिलिमीटर हा आकडा वाचून निर्धास्त होऊ नये. कोणी कारखानदार टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कोणी माथ्यापर्यंत, आणि शाको टोपीची उंची तर हिशेबाबाहेरच राहते. 54 च्या जवळचे 1/35 हे माप तामिया या जपानी कंपनीच्या पँथर रणगाड्यावरून रूढ झाले आणि तेही आत मोटार व बॅटरी मावावी म्हणून ठरलेले. त्याचा नेपोलियनच्या काळाशी काही संबंध नाही. त्यातला शिपाई 54 च्या शेजारी उभा केलास, तर उंचीचा फरक खपून जाईल, कारण माणसे ठेंगणी-उंच असतातच. बंदुकीचा मात्र खपणार नाही. सरकारी बनावटीची ब्रिटिश बंदूक सुमारे 140 सेंटिमीटरांची. ती एकाच्या हाती 44 आणि दुसऱ्याच्या हाती 40 मिलिमीटरांची दिसली की सारा देखावा खोटा ठरतो. म्हणून शस्त्रे, दारे, पायऱ्या एकाच प्रमाणात असावीत, याबाबत कसलीही सूट घेऊ नकोस.

अंगण तीस मीटर धरलेस तर ते 1/32 मध्ये जवळजवळ एक मीटर होते. ते सगळे घेण्याची गरज नाही. दरवाजा, त्याच्या दोहों बाजूंची भिंत आणि आतली दहा-बारा पावलांची जमीन पुरे. तूर्त पैसे पाठवू नकोस. आधी तुझ्या काचेच्या कपाटाची खोली आणि दोन फळ्यांमधले अंतर मोजून कळव.

तुझा
मामा